बारा वर्षं पाऊस नाही

अणुबॉम्ब आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, आणि तो जगातून नाहीसा करा म्हणणारे एक तर भोळे आहेत किंवा परक्यांची भाषा बोलताहेत. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तानच्या चार दिवसांच्या लढाईनंतर हे मत मराठी माणसांत फार ठामपणे मांडलं जातं. रविवारच्या पुरवण्यांत ते वाचायला मिळतं, व्याख्यानांत ऐकायला मिळतं. रायपुरात आम्ही मराठी माणसं भोसल्यांच्या काळापासून आहोत. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांत आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आमच्या गप्पा निम्म्या हिंदीत, निम्म्या मराठीत चालतात. या विषयावर मात्र दोन्ही भाषांत निकाल एकच लागतो. वर इथे त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते: रायपूर देशाच्या मधोमध आहे, सीमा लांब, समुद्र लांब, तेव्हा दिल्ली-मुंबईवाल्यांनी काळजी करावी, आपण कशाला?

मला हे मत चुकीचं वाटतं. नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं वाटतं. कारण ते मानणारी माणसं वाईट नाहीत. ती शिकलेली आहेत, देशावर प्रेम करणारी आहेत आणि त्यांना खरोखरच वाटतं की आपण व्यवहाराची गोष्ट बोलतो आहोत. म्हणून त्यांच्याशी व्यवहाराच्याच भाषेत बोललं पाहिजे.

बॉम्बमुळे शांतता नांदते, हा पहिला दावा. ११ आणि १३ मे १९९८ ला आपण पोखरणला स्फोट केले. २८ आणि ३० मेला पाकिस्ताननं बलुचिस्तानात केले. आता या दोन देशांत युद्ध अशक्य झालं, असं तेव्हा दोन्हीकडचे जाणकार सांगत होते. वर्ष पुरं होतं न होतं तोच कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसलेले सापडले आणि ती शिखरं परत घेताना आपले पाचशेहून जास्त जवान गेले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि पुढचे दहा महिने दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. २००८ मध्ये मुंबई, २०१९ मध्ये पुलवामा, २०२५ मध्ये पहलगाम. यातला एकही हल्ला आपल्या बॉम्बमुळे थांबला नाही. बाहेरच्या जगातही हेच दिसतं. १९६९ मध्ये सोव्हिएत युनियन आणि चीन, दोघांकडेही बॉम्ब असताना, उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरिया इस्राएलवर चालून गेले. १९८२ मध्ये अर्जेंटिनानं ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनकडे बॉम्ब आहे हे ठाऊक असूनही घेतली.

१२ मे २०२५ ला पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितलं की अण्वस्त्रांच्या धमकीला भारत बधणार नाही. त्या वाक्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत नेऊन पाहावं. पाकिस्तानच्या बॉम्बला आपण बधत नाही, म्हणजे त्यांच्या बॉम्बची जरब आपल्यावर नाही. त्यांनी पोसलेले अतिरेकी आपल्या बॉम्बला बधत नाहीत, म्हणजे आपल्या बॉम्बची जरब त्यांच्यावर नाही. मग ज्या जरबेच्या बळावर ही सगळी इमारत उभी आहे असं सांगतात, ती जरब आहे कुठे?

यावर उत्तर येतं, की लहान चकमकी झाल्या, पण मोठं युद्ध तर टळलं ना? टळलं, आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण ते कशामुळे टळलं याचा हिशेब नीट मांडायचा तर त्यात काही माणसांची नावं येतात. २७ ऑक्टोबर १९६२ ला क्यूबाजवळच्या सोव्हिएत पाणबुडीत अणुटॉर्पेडो सोडायला वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं विरोध केला. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या केंद्रात संगणकानं अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं; कामावर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव्हनं यंत्रावर विश्वास ठेवला नाही आणि इशारा खोटा असल्याचं वर कळवलं. उपग्रहानं ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश क्षेपणास्त्र समजून टिपला होता. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेहून सोडलेल्या ध्रुवीय प्रकाशाच्या संशोधनाच्या रॉकेटमुळे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. या रात्री आणि हे दिवस निभावून गेले ते एकेका माणसाच्या शंकेखोर स्वभावामुळे. शस्त्रानं जग वाचवलं असं त्यात कुठेही दिसत नाही. शस्त्रापासून जग वाचवावं लागलं, असं दिसतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर अजून ताजं आहे. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाबातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती आणि कोणी दगावलं नाही. आपल्या सरकारनं दोन दिवसांनी चूक मान्य केली, चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. चूक कबूल केली हे चांगलंच झालं. पण सीमेपलीकडे जो कोणी रडारसमोर बसला होता, त्याला त्या काही मिनिटांत काय कळणार होतं? क्षेपणास्त्राच्या टोकाशी काय आहे हे पडद्यावर दिसत नाही. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात क्षेपणास्त्राच्या उड्डाणाचं सुमारे अर्ध्या तासाचं अंतर आहे. आपल्यात आणि त्यांच्यात काही मिनिटांचंच. ती वेळ शांततेची होती म्हणून निभावलं. हीच चूक मे २०२५ मधल्या चारपैकी एखाद्या रात्री झाली असती तर? जो तर्क ‘आजवर झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही’ एवढ्यावर उभा आहे, त्याला व्यवहारी म्हणायला मी तयार नाही.

आता रायपूर. आपण लांब आहोत, हे नकाशाच्या दृष्टीनंही खरं राहिलेलं नाही. पाकिस्तानच्या शाहीन-३ क्षेपणास्त्राचा पल्ला २,७५० किलोमीटर सांगितला जातो. तो अंदमानपर्यंत पोचावा अशा बेतानंच ठरवला गेला. रायपूर त्याच्या कितीतरी अलीकडे आहे आणि शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आहे. पण घटकाभर मान्य करू, की आपल्यावर काहीही पडणार नाही. समजा, बॉम्ब पडले ते फक्त सीमेजवळच्या शहरांवर, दोन्ही बाजूंनी. रायपुरात खिडकीची काचही फुटली नाही. मग पुढे काय?

जळत्या शहरांची काजळी वर जाते. साध्या आगीचा धूर पावसाबरोबर धुऊन निघतो. पण पुरेशा मोठ्या आगींची काजळी पाऊस जिथे तयार होतो त्याच्याही वर, स्थितांबरात पोचते आणि तिथे तिला धुणारं काही नसतं. ती वर्षानुवर्षं सूर्यप्रकाश अडवते. समुद्रापेक्षा जमिनीचं तापणं जास्त घटतं, म्हणजे ज्या तापमानाच्या फरकावर आपला मान्सून चालतो तोच फरक कमी होतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले अ‍ॅलन रोबॉक आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर बराच काळ काम करताहेत. त्यांच्या गटाचा २०२२ मधला निबंध सांगतो, की भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतर उपासमारीनं जगात दोन अब्जांहून जास्त माणसं मरू शकतात. या अंदाजावर आक्षेप आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलं, की काजळी इतकी वर जाणार नाही आणि परिणाम इतका तीव्र होणार नाही. शहर किती पेटतं, धूर किती काळा असतो यावर हा वाद आहे आणि तो चालू राहील. पण वादाचा विषय काय आहे ते पाहा: दोन अब्जांहून जास्त माणसं उपाशी मरतील की त्याहून कमी? ज्याला दुसरं उत्तर दिलासा वाटतं त्यानं ते आपल्या तोंडानं म्हणून दाखवावं.

हे आकडे दूरचे वाटतात, म्हणून धानाच्या बांधावर यावं. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात ते उगाच नाही. २०२४-२५ च्या हंगामात राज्य सरकारनं शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केलं. हे बहुतेक सगळं एकाच पावसावर, खरिपात पिकतं. आता धानाचं एक वैशिष्ट्य असं, की ते पोटरीत असताना, म्हणजे लोंबी अजून आवरणातच असताना, रात्रीचं तापमान फार उतरलं तर परागकण नीट तयार होत नाहीत. रोप हिरवंगार उभं असतं, लोंबी बाहेर येते आणि चिमटीत धरली की दाणा पोचट निघतो. आपले वाण उष्ण हवेला सरावलेले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही रात्री जरी अवेळी गार झाल्या तरी त्यांना सोसवत नाही. त्यात पाऊस आठ-दहा दिवस उशिरा आला आणि लवकर गेला, की पुढचं शेतकऱ्याला सांगायला नको. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही आणि हिंदुस्थानातला मान्सूनही बिघडला. एका डोंगराच्या गंधकी धुक्यानं एवढं होतं. तेही धुकं काही वर्षांत खाली बसलं. शहरांची काजळी त्याहून जास्त काळ टिकते असं गणित सांगतं.

रायपुरात या गोष्टीची किंमत आणखी एका कारणानं मोठी आहे. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात इथे येऊन छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे एकोणीस हजारांवर वाण गोळा केले. सुगंधी, लाल, काळ्या सालीचे, पाणथळीतले, डोंगरउतारावरचे, साठ-सत्तर दिवसांत येणारे. हा माणूस संस्थांच्या राजकारणात पुष्कळ सोसलेला होता. त्याचं काम मात्र टिकलं. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आज हा संग्रह तेवीस हजारांच्या पुढे गेला आहे. २००२ मध्ये एका परदेशी बियाणे कंपनीशी विद्यापीठाचा करार होतोय असं कळल्यावर रायपुरातले शेतकरी, विद्यार्थी, कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे या बियाण्याचं मोल इथल्या लोकांना कळतं. ते नुसतं थंड खोलीत ठेवून टिकत नाही. ठरावीक वर्षांनी शेतात लावून, पिकवून, नवं बी घ्यावं लागतं. बरेच खरीप सलग बुडाले तर शीतगृहात ठेवलेला हा हजारो वर्षांचा ठेवा आपल्या डोळ्यांदेखत मरू शकेल. त्यासाठी रायपुरावर बॉम्ब पडण्याची गरज नाही.

याच विद्यापीठात अणुविज्ञानाचं दुसरं रूपही पाहायला मिळतं. नगरीचा दुबराज हा आमच्याकडचा सुगंधी तांदूळ. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो आणि फार उशिरा तयार होतो, म्हणून शेतकरी तो सोडत चालले होते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं आणि इथल्या विद्यापीठानं मिळून बियाण्यावर किरणांचा प्रयोग केला, त्यातून वास टिकवून ठेवणारं, पण बुटकं आणि लवकर येणारं रोप निवडलं. ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१’ हे त्याचं नाव. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण अणुबॉम्बला विरोध म्हणजे विज्ञानाला विरोध, शास्त्रज्ञांचा अपमान, असा आरोप ताबडतोब होतो. ट्रॉम्बेतल्या ज्या माणसांनी दुबराज वाचवला त्यांच्याविषयी मला फक्त कृतज्ञता आहे. त्याच ट्रॉम्बेतल्या सायरस अणुभट्टीतलं प्लुटोनियम १९७४ च्या पोखरणला वापरलं गेलं. एकाच आवारातून निघालेल्या या दोन वाटांपैकी एक चालू ठेवा आणि दुसरी बंद करा, एवढंच मागणं आहे.

आता संस्कृतीचा मुद्दा. अण्वस्त्रत्यागाची कल्पना आपल्या मातीतली नाही, आपलं तत्त्वज्ञान शस्त्र टाकू नका असं सांगतं, असं म्हणणारे गीतेचा दाखला देतात. रायपुरात हा दाखला द्यायला कोणाला अडचण पडत नाही. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. पण महाभारत गीतेपाशी संपत नाही. युद्ध संपल्यावर सौप्तिकपर्व येतं, आणि छत्तीसगडमध्ये तर पंडवानी गायनाच्या निमित्तानं महाभारत शेतमजुरांनाही तोंडपाठ आहे. तेव्हा तोच ग्रंथ उघडू.

अश्वत्थाम्यानं रात्री झोपलेल्या छावणीत द्रौपदीच्या पाचही मुलांना मारलं. पांडव पाठलागावर आले तेव्हा त्यानं एक काडी उचलली आणि पांडवांचा निर्वंश व्हावा म्हणून ब्रह्मशिर नावाचं अस्त्र सोडलं. द्रोणांनी ते त्याला देताना बजावलं होतं, की कितीही मोठं संकट आलं तरी हे माणसांवर वापरायचं नाही. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानंही आपलं अस्त्र सोडलं, समोरचं अस्त्र शांत व्हावं म्हणून. आजच्या भाषेत ज्याला जरब म्हणतात ती हीच: त्याच्याकडे आहे म्हणून माझ्याकडे, त्यानं सोडलं म्हणून मी. पुढे काय होतं? व्यास आणि नारद दोन्ही अस्त्रांच्या मधे येऊन उभे राहतात. दोघांनाही परत घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. तो जिंकत आलेला आहे, न्याय त्याच्या बाजूनं आहे, समोरच्यानं अजून घेतलेलं नाही. तरी तो घेतो. अश्वत्थाम्याला परत घेता येत नाही. सोडायला येतं, आवरायला येत नाही. त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जातं. आणि याच प्रसंगात व्यास अश्वत्थाम्याला सांगतात, की जिथे हे अस्त्र दुसऱ्या महास्त्रानं मारलं जातं, त्या देशात बारा वर्षं पाऊस पडत नाही.

महाभारतात अणुबॉम्ब होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांशी माझा वेगळा वाद आहे. मी एवढंच म्हणतो, की सर्वसंहारक शस्त्राचा विचार आपल्या परंपरेनं केलेला आहे आणि तो बॉम्बच्या भक्तांना सोयीचा नाही. ग्रंथकारानं पाहिलं, की अस्त्रानं अस्त्र अडवलं तरी त्याची किंमत न लढलेल्यांना मोजावी लागते: गर्भातल्या मुलाला आणि पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला. त्यानं शौर्य अर्जुनाच्या अस्त्र सोडण्यात दाखवलं नाही. आधी परत घेण्यात दाखवलं. गीतेचं नाव घेऊन बॉम्बची पूजा करणाऱ्यांनी आधी सौप्तिकपर्वाला उत्तर द्यावं.

अण्वस्त्रबंदी हा पाश्चात्त्यांचा डाव आहे, असंही सांगितलं जातं. याचं मूळ खरं आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानं पाच देशांना बॉम्ब ठेवायची मुभा दिली आणि बाकीच्यांना मनाई केली. भारतानं त्यावर सही केली नाही, ते योग्यच केलं. त्या पाच देशांनी सहाव्या कलमात शस्त्रं सोडण्यासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करायचं कबूल केलं आणि पन्नासहून जास्त वर्षं ते कलम पुढे ढकलत राहिले. या दुटप्पीपणाचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण ७ जुलै २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये जो अण्वस्त्रबंदी करार १२२ देशांनी संमत केला, तो कोणाचा डाव? ऑस्ट्रिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, नायजेरिया, आयर्लंड हे त्याच्या मागे होते. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्यावर बहिष्कार टाकला. विरोधात एकच मत पडलं, ते नाटोतल्या नेदरलँड्सचं. २२ जानेवारी २०२१ ला तो लागू झाला. आज सत्तरहून जास्त देश त्याचे पक्षकार आहेत. त्यात कोणाला सवलत नाही, पाच मोठे आणि बाकी धाकटे अशी वाटणी नाही. म्हणजे भारत १९६८ पासून जो आक्षेप घेत आला, त्याचं उत्तर त्यात आहे. आणि आपण कुठे होतो? वाटाघाटींना गेलोच नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांच्याच रांगेत बाहेर उभे राहिलो. पाश्चात्त्यांचा डाव जर कोणता असेल तर तो त्या रांगेतच आहे.

वाईट याचं वाटतं, की ही भाषा मुळात आपली होती. बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर महिन्याभरानं, २ एप्रिल १९५४ ला, चाचण्या थांबवा असं जगात पहिल्यांदा सांगणाऱ्यांत नेहरू होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी दिल्लीत अण्वस्त्रमुक्त, अहिंसक जगाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ९ जून १९८८ ला राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे तीन टप्प्यांचा आराखडा ठेवला: २०१० पर्यंत जगातली सगळी अण्वस्त्रं नष्ट. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनात भारतानं अण्वस्त्रांचा वापर बेकायदा असल्याचं म्हटलं. पक्ष बदलले तरी धोरणाच्या कागदावर हे ध्येय राहिलं; जानेवारी २००३ मध्ये वाजपेयी सरकारनं जाहीर केलेल्या अणुधोरणातही अण्वस्त्रमुक्त जगाची बांधिलकी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० जाहीरनाम्यात आपण सगळ्यांकडून लिहून घेतलं, की अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी अमान्य आहे. मग अण्वस्त्रबंदी मागणारा भोळा किंवा परका कसा? तो तर आपल्याच देशाच्या सह्या वाचून दाखवतोय.

युक्रेनचं उदाहरण हल्ली हुकमी पत्त्यासारखं टाकलं जातं. बॉम्ब सोडला आणि देश गेला. १९९४ च्या बुडापेस्ट कराराशी रशियानं दगा केला आणि हमी देणाऱ्या इतरांनीही युक्रेनला त्या हमीच्या जोरावर वाचवलं नाही, हे सत्य आहे. यातून दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा हा प्रश्न उभा राहतो आणि तो हलका नाही. पण ती शस्त्रं युक्रेनच्या भूमीवर होती, त्यांच्या कळा मॉस्कोच्या हातात होत्या. युक्रेननं सोडलं ते वापरता न येणारं शस्त्र. आणि २०२२ पासून युक्रेनच्या मित्रांचे हात ज्या भीतीनं आखडले, ती भीती रशियाच्या बॉम्बची होती. हल्लेखोराला बॉम्बची ढाल मिळाली, हा त्या युद्धाचा धडा आहे. अणुबॉम्ब दुबळ्याचं रक्षण करतो असं त्यातून काढायचं असेल तर आधी कझाकस्तानकडे पाहावं लागेल. सेमिपलातिन्स्कला ४५६ चाचण्या सोसून त्या देशानं मैदान बंद केलं, बॉम्ब परत दिले आणि आज तो रशिया आणि चीनच्या मधे उभा आहे. दक्षिण आफ्रिकेनं स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतःच मोडले. जगात १९८६ च्या सुमारास सत्तर हजार अण्वस्त्रं होती. २०२५ च्या सुरुवातीला सुमारे बारा हजार दोनशे. ही घट करारांनी झाली, तपासणीनं झाली, क्षेपणास्त्रं करवतीनं कापून झाली. हे काम अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी निदान इतकं मान्य करावं, की मोठा भाग होऊन गेलेला आहे. आज वारं उलटं वाहतंय, जुने करार एकामागून एक मोडताहेत किंवा मुदत संपून पडताहेत. म्हणून तर आत्ता बोलायची वेळ आहे.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात मोठ्यानं विचारला जाणारा प्रश्न: पाकिस्तान ऐकेल का? २०२५ च्या अंदाजानुसार आपल्याकडे १८० अण्वस्त्रं आहेत, त्यांच्याकडे १७०. आपण एकट्यानं उद्या सगळी टाकून द्यावीत असं मी म्हणत नाही. अण्वस्त्रबंदीसाठी काम करणारे बहुतेक लोकही तसं म्हणत नाहीत. सगळ्यांनी, तपासणीखाली, टप्प्याटप्प्यानं. आणि असं करून दाखवलेली एक गोष्ट आपल्याच इतिहासात आहे, जिच्याविषयी आपण कधी बोलत नाही. भारताकडे रासायनिक शस्त्रं होती. १९९३ चा रासायनिक शस्त्रबंदी करार सगळ्यांना सारखा लागू होणारा, परदेशी निरीक्षक घरात घेणारा होता. १९९७ मध्ये आपण एक हजार टनांहून जास्त मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो निरीक्षकांसमोर नष्ट केला. पाकिस्तान त्या कराराचा सदस्य आहे. चीन आहे. २०२३ मध्ये अमेरिकेनं आपला शेवटचा साठा संपवला, आणि जगभरात जाहीर झालेली बहात्तर हजार टनांहून जास्त रासायनिक शस्त्रं अशा रीतीनं गेली. त्यानंतर कोणी भारताला दुबळं म्हटलं? पहिल्या महायुद्धात ज्या वायूनं खंदकातल्या सैनिकांचे डोळे गेले, तो आपल्या गोदामात नाही म्हणून आज एका तरी जनरलची झोप उडाली आहे का?

पाकिस्तानशी अणुविषयक करार टिकत नाहीत, हेही खरं नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या आधी दिली, नंतरही दिली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्यं समोरासमोर असतानाही दिली. पुलवामानंतर उच्चायुक्त परत बोलावले गेले तरी दिली. ज्या शत्रूशी बहुतेक सगळे धागे तुटले आहेत, त्याच्याशी हा एक टिकतो, कारण तो तुटला तर काय होईल हे दोघांनाही कळतं. त्याच धाग्यावर पुढची गाठ मारता येते: शांततेच्या काळात अण्वस्त्रं क्षेपणास्त्रांवर न चढवण्याचा लेखी करार, चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची त्याच मिनिटाला खबर देण्याची बांधील व्यवस्था, मियाँ चन्नूसारखा प्रसंग पुन्हा आला तर दोन दिवस थांबावं लागू नये अशी.

आणि अण्वस्त्रबंदी कराराच्या बैठकीत निरीक्षक म्हणून बसायला तर कोणाची परवानगीही लागत नाही, सहीही लागत नाही. जून २०२२ मध्ये व्हिएन्नाला पहिली बैठक झाली तेव्हा जर्मनी आणि नॉर्वे, दोन्ही नाटोचे सदस्य, निरीक्षकांच्या खुर्चीत बसले. त्यांची सुरक्षा त्या दिवशी कमी झाली नाही. भारताचा एक अधिकारी तिथे बसला, हिरोशिमातून वाचलेल्या माणसाचं आणि पॅसिफिक बेटांवरच्या बाईचं बोलणं त्यानं ऐकलं, आपले आक्षेप त्याच सभागृहात मांडले, तर आपलं काय जाणार आहे?

छत्तीसगडमधून अकरा खासदार लोकसभेत जातात. धानाच्या खरेदीवर, बोनसवर, खतावर ते बोलतात, आणि बोलायलाच हवं. त्यांच्यापैकी एकानं येत्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्र्यांना लेखी विचारावं: १९८८ चा आराखडा अजून भारताचा प्रस्ताव आहे का? असेल तर २०१० उलटून गेल्यावर नवी तारीख कोणती? अण्वस्त्रबंदी कराराच्या पुढच्या बैठकीला भारताचा निरीक्षक जाणार की नाही, आणि नसेल तर कोणत्या कारणानं? आणि कृषिमंत्र्यांना वेगळा प्रश्न: सलग दोन खरीप काजळीनं बुडाले तर देशाच्या गोदामांत किती महिन्यांचं धान्य आहे, याचा हिशेब कोणत्या खात्यानं, कधी केला?